विद्येचा तो चतुर्थांश

मे महिन्याचा पहिला रविवार हा आता देशभरच्या लाखो घरांत पंचांगाबाहेरचा एक मोठा दिवस होऊन बसला आहे. २०२३ मध्ये ७ मे, २०२४ मध्ये ५ मे, २०२५ मध्ये ४ मे. दरवर्षी त्या दिवशी दुपारी दोन वाजता वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' परीक्षा सुरू झाली. सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरसारख्या गावाला हा दिवस कळतो तो रेल्वेस्थानकावर. करमाळा शहराला लोहमार्ग नाही. तालुक्याचे रेल्वेचे दार म्हणजे जेऊर. सोलापूर येथून शंभराहून अधिक किलोमीटर, पुणे दीडशेच्या आसपास. सकाळी अंधारात हातात पारदर्शक पाण्याची बाटली आणि प्रवेशपत्र घेऊन निघालेली मुले रात्री याच फलाटावर उतरतात. एका बाजूला उजनीच्या पाण्यावर पोसलेली केळी आणि ऊस, दुसऱ्या बाजूला अजूनही पावसाकडे डोळे लावून बसलेले रान, आणि मधल्या फलाटावर दिव्याखाली गोल करून उभी असलेली ही सतरा-अठरा वर्षांची मुले.

वडील मंडळी स्थानकाबाहेर दुचाकी लावून थांबलेली असतात. दिवसभराची उपाशी पोरे लगेच बाहेर येतील अशी त्यांची अपेक्षा असते. पण ती येत नाहीत. प्रश्नपत्रिकेची पुस्तिका परीक्षार्थीला घरी नेता येते, ती उघडली जाते आणि "तुझा कोड कोणता?" या प्रश्नाने सभा सुरू होते. कोडप्रमाणे प्रश्नांचा क्रम बदललेला, त्यामुळे एकाचा सतरावा प्रश्न दुसऱ्याचा चाळिसावा असतो. तो शोधायचा, पर्याय वाचायचे, बोट ठेवायचे. "अगं, इथे ऋण चिन्ह होतं, तू पाहिलंच नाहीस!" कोणाचा चेहरा उतरतो, कोणी पुस्तिकेच्या कोऱ्या जागेत पुन्हा गणित मांडू लागतो. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीच्याला एक गुण वजा. बोटांवर बेरजा-वजाबाक्या होतात. अखेर बाहेरून कोणाच्या तरी वडिलांची हाक येते, "अरे, चला आता, झाला तो पेपर!"

झालेल्या पेपरची चर्चा करू नये, हा उपदेश मोठी माणसे पिढ्यान्‌पिढ्या करीत आली आहेत. त्यात तथ्य नाही असे नाही. शालान्त परीक्षेत दुसऱ्या दिवशी दुसरा विषय असे. आज चुकलेल्याची खंत उद्याच्या पेपरात आड येऊ नये, एवढाच त्या उपदेशाचा हेतू होता. परंतु दोन वर्षांच्या तयारीचा निकाल तीन तासांत लावणाऱ्या परीक्षेनंतर मुले एकत्र येऊन उत्तरे ताडून पाहतात, तेव्हा ती केवळ गुण मोजत नसतात. ती शिकत असतात. परीक्षा संपल्यावर, कोणी सांगितलेले नसताना, कोणतेही शुल्क न भरता, परस्परांकडून.

आपल्या परंपरेत या शिकण्याला स्थान होते. विद्येचा एक चतुर्थांश आचार्यांकडून मिळतो, एक विद्यार्थ्याला स्वतःच्या बुद्धीने कमवावा लागतो, एक सहाध्यायींकडून लाभतो आणि उरलेला काळाच्या ओघात परिपक्व होतो, अशा आशयाचे एक प्राचीन सुभाषित संस्कृतज्ञांना परिचित आहे. सहाध्यायी हा प्रतिस्पर्धी नव्हे. तो विद्येच्या चार खांबांपैकी एक आहे, असे मानणारी ही दृष्टी. पाठशाळांमध्ये गुरुजी विश्रांतीस गेल्यावर थोरला विद्यार्थी धाकट्याची संथा घोटून घेत असे. त्याच दृष्टीचा तो व्यवहार. आजच्या प्रवेशपरीक्षांच्या यंत्रणेने उरलेल्या तीन चतुर्थांशांचे काय केले हा स्वतंत्र विषय आहे. या चतुर्थांशावर मात्र तिने थेट घाला घातला आहे, आणि त्याची चर्चा फारशी कोणी करीत नाही.

राज्याच्या सीईटीचे उदाहरण घ्यावे. अभियांत्रिकी प्रवेशासाठीची ही परीक्षा २०१९ पासून संगणकावर होऊ लागली. परीक्षार्थींची संख्या मोठी, संगणक मर्यादित; म्हणून ती अनेक दिवस, रोज सकाळ-दुपार अशा सत्रांत घेतली जाते. प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा. जेऊरची एक मुलगी सोमवारी सकाळी, तिच्याच बाकावर बसणारी मैत्रीण बुधवारी दुपारी. दोघींनी दोन वर्षे एकत्र अभ्यास केला तरी परीक्षेनंतर ताडून पाहावे असे समान काही उरत नाही. हातात पुस्तिका नाही, प्रश्न आठवतील तेवढेच. मग संभाषण कशाचे होते? "तुझं सत्र सोपं होतं म्हणे, आमचं अवघड होतं." प्रश्नाविषयीचे कुतूहल संपले आणि नशिबाविषयीची कुरबूर सुरू झाली.

निकाल तरी गुणांत लागतो का? तोही नाही. वेगवेगळ्या सत्रांतील काठिण्याचा फरक भरून काढण्यासाठी निकाल पर्सेंटाइलमध्ये दिला जातो. एखाद्याला ९५ पर्सेंटाइल मिळाले याचा अर्थ त्याची शंभरातील ९५ उत्तरे बरोबर आली असा नाही. त्याच्या सत्रातील साधारण ९५ टक्के परीक्षार्थी त्याच्या बरोबरीला वा मागे आहेत, एवढाच. संख्याशास्त्राच्या दृष्टीने ही पद्धत निर्दोष असेलही, आणि एवढ्या मोठ्या परीक्षेत दुसरा मार्ग सोपा नाही हेही मान्य करावे लागेल. परंतु तिच्यामुळे कोवळ्या मनावर होणारा संस्कार कोणता? माझी प्रगती म्हणजे मला काय आले हे नव्हे, माझ्या मागे किती जण राहिले हे! शेजारच्या बाकावरच्या मित्राला एक संकल्पना समजावून सांगणे म्हणजे आपल्याच पर्सेंटाइलला कात्री लावणे, हा हिशेब एखाद्या हुशार मुलाच्या मनात येऊन गेला तर त्याला दोष कसा द्यावा? त्याला तो हिशेब वडीलधाऱ्यांनी शिकवला आहे. शहरांतील कित्येक शिकवणी वर्गांत पहिल्या तुकडीचा सराव-संच दुसऱ्या तुकडीच्या हाती लागू नये, अशी तजवीज असते. ज्ञान वाटल्याने वाढते हे सुविचाराच्या फळ्यावर लिहायचे आणि व्यवहारात ते कुलुपात ठेवायचे.

असे असूनही एप्रिल २०२५ मध्ये जे घडले ते बोलके आहे. २७ एप्रिलच्या सकाळच्या सत्रात गणिताच्या ५० प्रश्नांपैकी तब्बल २१ प्रश्नांच्या पर्यायांत चुका होत्या. प्रत्येक प्रश्नाला दोन गुण. म्हणजे २०० पैकी ४२ गुण अधांतरी. परीक्षा संपवून बाहेर पडलेल्या मुलांनी आपसात बोलून, आठवून, मांडून पाहिले, पालकांनी तक्रारी केल्या, तेव्हा प्रकरण वर आले आणि २७ हजारांहून अधिक परीक्षार्थींची ५ मे रोजी फेरपरीक्षा घ्यावी लागली. एकट्याने परीक्षा देऊन एकटाच घरी गेलेला मुलगा काय म्हणेल? "मलाच येत नव्हतं." उत्तर कोणत्याच पर्यायाशी जुळत नाही हा दोष प्रश्नाचाही असू शकतो, हे त्याला दुसऱ्याच्या वहीतले तेच गणित पाहिल्यावरच कळते. सामान्य घरातून आलेल्या, इंग्रजीच्या धाकात वाढलेल्या मुलाला तर ही खात्री पटणे अधिकच अवघड. त्याला आपल्या अज्ञानावर विश्वास असतो, छापील कागदावरही असतो, स्वतःच्या ज्ञानावर मात्र नसतो.

या विषयाचा खरा गाभा मात्र २०२४ च्या 'नीट'मधील भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नात आहे. त्या वर्षीच्या परीक्षेचे नाव निघाले की पेपरफुटी आठवते, ६७ जणांना मिळालेले ७२० पैकी ७२० गुण आठवतात, वेळ वाया गेल्याबद्दल १,५६३ जणांना दिलेले आणि नंतर काढून घेतलेले वाढीव गुण आठवतात. त्या गदारोळात हा एक प्रश्न बाजूला पडला. जेऊरच्या घराघराशी त्याचा संबंध अधिक जवळचा आहे.

प्रश्न अणूविषयी होता. दोन विधाने दिली होती आणि त्यांतील कोणते बरोबर हे ठरवायचे होते. दुसरे विधान असे, की प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात आणि आपला वैशिष्ट्यपूर्ण वर्णपट उत्सर्जित करतात. 'एनसीईआरटी'च्या जुन्या पाठ्यपुस्तकात हे विधान जवळजवळ याच शब्दांत होते. पुढे पुस्तक सुधारण्यात आले आणि 'प्रत्येक' मूलद्रव्याऐवजी 'बहुतेक' मूलद्रव्यांचे अणू स्थिर असतात असा बदल झाला. शास्त्रदृष्ट्या बदल योग्यच. युरेनियम-रेडियमचे अणू स्थिर नसतात हे बारावीच्या मुलालाही ठाऊक असावे. पण ज्याच्या हाती जुने पुस्तक होते त्याने जुने उत्तर लिहिले, ज्याच्या हाती नवे होते त्याने नवे. तात्पुरती उत्तरसूची प्रसिद्ध झाल्यावर या एका प्रश्नावर १३,३७३ हरकती आल्या. परीक्षा घेणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने मग दोन्ही उत्तरे ग्राह्य धरली. त्यामागचे कारण सर्वोच्च न्यायालयात सांगितले गेले ते असे, की गरीब घरांतली अनेक मुले थोरल्या भावंडांची जुनी पुस्तके वापरतात.

कोट्यवधींची उलाढाल असलेल्या परीक्षाव्यवस्थेच्या कागदपत्रांत क्वचितच एवढे खरे वाक्य येते.

थोरल्याचे पुस्तक धाकट्याला. ज्या घरांनी हे पाहिलेले नाही अशी घरे या वाचकवर्गात थोडीच असतील. पुठ्ठा चढवलेले, कोपरे दुमडलेले, समासात थोरल्या ताईने पेन्सिलीने लिहिलेल्या टिपा असलेले ते पुस्तक धाकट्याच्या हाती येते तेव्हा केवळ कागद येत नाही. ताईने कुठे अडखळून पुन्हा वाचले, कुठे शिक्षकांनी 'महत्त्वाचे' म्हटले, हे सारे त्याच्यासोबत येते. काटकसर हा मध्यमवर्गीय आणि शेतकरी घराचा कुलाचार आहे, लाजिरवाणी बाब नव्हे. आणि याच कुलाचाराने त्या वर्षी मुलांना अडचणीत आणले.

न्यायालयाने दिल्लीच्या आयआयटीच्या संचालकांना तीन तज्ज्ञांची समिती नेमण्यास सांगितले. समितीने एकच उत्तर बरोबर ठरवले, नव्या पुस्तकातले. २३ जुलै २०२४ रोजी न्यायालयाने त्यानुसार निकाल सुधारण्याचा आदेश दिला. पूर्ण गुण मिळवणाऱ्या ६७ पैकी ४४ जण या एका प्रश्नाच्या दुहेरी उत्तरामुळेच तेथे पोहोचले होते. अंतिम यादीत १७ जण राहिले. जुने उत्तर लिहिणाऱ्या चार लाखांहून अधिक मुलांचे पाच-पाच गुण गेले, म्हणजे मिळालेले चार गेले आणि चुकीच्या उत्तराचा एक वजा झाला. जेथे एकेका गुणावर हजारो जण दाटीने उभे असतात तेथे पाच गुण म्हणजे शासकीय आणि खाजगी महाविद्यालयातले अंतर असू शकते. शेतकऱ्याच्या घरात ते अंतर म्हणजे शेत राखणे आणि शेत विकणे यांमधले अंतर असते.

निर्णय चुकला असे म्हणता येणार नाही. विज्ञानात बहुमताने सत्य ठरत नाही, आणि दयेनेही ठरत नाही. पण मग दोष कोणाचा? थोरल्या ताईचे पुस्तक वाचणाऱ्या मुलाचा नक्कीच नव्हे. त्याच्या पुस्तकात काय बदलले हे त्याला सांगणारा एकही माणूस त्याच्या आसपास नव्हता, हा तो दोष आहे. शहरातल्या वर्गात शंभर मुले असतात, दहा जणांकडे नवी आवृत्ती असते, फरक लगेच ध्यानात येतो. तालुक्याच्या गावात स्वतःच्या खोलीत एकटा वाचत बसलेला मुलगा एक शब्द बदलला हे कसे ओळखणार? तो फरक त्याला एकाच मार्गाने कळू शकत होता. नवे पुस्तक असलेला कोणी सहाध्यायी परीक्षेच्या महिनाभर आधी त्याच्याशेजारी बसून तेच पान वाचत असता तर. फलाटावरच्या दिव्याखाली जी सभा परीक्षेनंतर भरते, ती परीक्षेपूर्वी भरायला हवी होती.

हरकत घेण्याची सोय असतेच, असे कोणी म्हणेल. असते, पण प्रत्येक प्रश्नामागे २०० रुपये भरून, आणि ते परत न मिळण्याच्या अटीवर. राज्याच्या सीईटीत तर एका हरकतीचे शुल्क एक हजार रुपये ठेवले गेले. बिनबुडाच्या हरकतींचा पूर येऊ नये हा त्यामागचा विचार समजू शकतो. तथापि चूक परीक्षकाची, ती दाखवून देणार विद्यार्थी आणि दंडासारखी रक्कमही त्यानेच भरायची, हा न्याय कोणत्या शास्त्रात बसतो? मजुरीवर जाणाऱ्या आईच्या दिवसाच्या कमाईतला मोठा हिस्सा एका शंकेसाठी मोजायचा, तेव्हा शंका गिळली जाते.

त्याच वर्षीच्या पेपरफुटीविषयी येथे फार लिहिण्याची गरज नाही. पुष्कळ लिहून झाले आहे. हजारीबाग आणि पाटणा येथे प्रश्नपत्रिका फुटल्याचे न्यायालयापुढे निर्विवाद ठरले. फुटीची व्याप्ती देशभर होती असे सिद्ध न झाल्याने परीक्षा रद्द झाली नाही. परीक्षाकेंद्राच्या दारात मुलामुलींच्या हातातले देवाचे दोरे कापून घेणारी व्यवस्था पेटीतला कागद मात्र सांभाळू शकली नाही, ही विसंगती सामान्य माणसाच्या मनात सलत राहिली. जेऊरच्या दृष्टीने अधिक जिव्हारी लागणारी गोष्ट घडली ती लातूरची. जून २०२४ मध्ये तेथे गुण वाढवून देण्याच्या आमिषाच्या प्रकरणात जिल्हा परिषदेच्या दोन शिक्षकांना अटक झाली; तपास पुढे केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. दोषी कोण हे न्यायालय ठरवील. पण आपल्याच मराठी शाळांतील 'गुरुजी' या शब्दाभोवती असा संशय उभा राहावा, ही बाब कोणत्याही कठोर कायद्याने भरून निघणारी नाही. अनुचित मार्ग रोखणारा केंद्राचा कायदा २१ जून २०२४ पासून लागू झाला, तो आवश्यकच होता.

या साऱ्यावरून देशपातळीवरची एक परीक्षाच नको, असा निष्कर्ष काही राज्यांतील राजकीय पक्ष काढतात. तो मान्य होण्यासारखा नाही. एक परीक्षा येण्यापूर्वीचा काळ ज्यांना आठवतो त्यांना खाजगी महाविद्यालयांच्या स्वतंत्र प्रवेशपरीक्षा, देणगीची गुप्त बोलणी आणि एका विद्यार्थ्याने महिनाभरात पाच शहरांत पाच पेपर देत केलेली पायपीटही आठवत असेल. महाराष्ट्रात तर धोरणाचा लंबक असा हलला, की अभियांत्रिकीसाठी २०१४ व २०१५ ही दोन वर्षे राज्याची परीक्षा सोडून देशपातळीवरची जेईई धरली गेली आणि २०१६ मध्ये पुन्हा राज्याच्या सीईटीकडे परतणे झाले. एका राष्ट्रातील मुलांना एका मापाने मोजावे यात गैर काही नाही. मात्र माप एक असले म्हणजे संधी एक झाली, या भ्रमात राहता कामा नये. समरसता कागदावरच्या समान प्रश्नपत्रिकेने येत नाही.

भाषेचेच पाहावे. जेऊरचा मुलगा दहावीपर्यंत मराठीतून शिकतो. अकरावीला विज्ञानशाखेत पाऊल टाकताच पुस्तके इंग्रजी, व्याख्या इंग्रजी, शिक्षकही इंग्रजी वाक्ये वाचून मराठीत समजावणारे. सीईटीत भौतिक, रसायन व जीवशास्त्राचे प्रश्न मराठीतून उपलब्ध, परंतु २०२५ च्या परीक्षेपर्यंत गणिताचा पेपर केवळ इंग्रजीत. 'नीट' तेरा भाषांत देता येते, त्यांत मराठी आहे. पण गुजरातीतून परीक्षा देणारे हजारोंच्या घरात असताना मराठी निवडणारे फार थोडे. यात मराठी मुलांचा करंटेपणा नाही. दोन वर्षे ज्या भाषेत शिकवलेच नाही त्या भाषेत ऐन परीक्षेत उत्तर द्यायला कोण धजावेल? मध्य प्रदेशात ऑक्टोबर २०२२ मध्ये वैद्यकीय शिक्षणाची हिंदी पुस्तके प्रकाशित झाली. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने मातृभाषेतील शिक्षणाला बळ दिले. मेकॉलेच्या १८३५ च्या टिपणाची छाया झटकण्याची भाषा आता अधिकृत कागदांत आली आहे. अकरावीच्या वर्गात मात्र ती अजून पोहोचलेली नाही. गंमत अशी, की फलाटावर दिव्याखाली उत्तरे ताडताना हीच मुले रसायनशास्त्रातली अभिक्रिया अस्खलित मराठीत समजावून सांगतात. "हा इलेक्ट्रॉन तिकडं सरकला, म्हणून हिकडं धनभार आला," एवढ्या एका करमाळी वाक्यात पुस्तकातल्या अर्ध्या पानाचा अर्थ उतरतो. मराठीतून विज्ञान शिकवता येईल का, असा प्रश्न ज्या विद्वानांना पडतो त्यांनी परिसंवादाऐवजी एकदा हे ऐकावे.

जेऊरची आणि आसपासच्या गावांची पुष्कळ मुले दहावीनंतर लातूरची वाट धरतात. कुर्डुवाडीहून लातूरचा लोहमार्ग आहेच. 'लातूर पॅटर्न' हा शब्द महाराष्ट्रभर झाला. कष्ट, शिस्त आणि सराव यांच्या बळावर मराठवाड्यातल्या मुलांनी पुण्या-मुंबईला मागे टाकले, याचा अभिमान वाटावा असाच तो पराक्रम होता. पुढे त्याचा बाजार किती झाला हे तेथे मुलाला ठेवून आलेल्या पालकांना विचारावे. कनिष्ठ महाविद्यालयात नाव, प्रत्यक्षात दिवसभर शिकवणीत, आणि गावाकडच्या महाविद्यालयाचे बाक रिकामे.

पण लातूरची आणखी एक ओळख आहे, आणि शिकवणीसाठी तेथे जाणाऱ्या किती मुलांना ती ठाऊक असेल याची शंका आहे. १९६६ मध्ये डॉ. अशोक कुकडे आणि त्यांचे सहकारी पुण्यातली सुस्थिर व्यवसायाची वाट सोडून याच लातुरात आले आणि त्यांनी विवेकानंद रुग्णालय उभे केले. तेव्हाचे लातूर हे काही डॉक्टरांनी धाव घ्यावी असे शहर नव्हते. एकट्याने हे जमले नसते. बरोबर शिकलेले, एका ध्येयाने भारलेले मित्र होते म्हणून जमले. डॉ. कुकडे यांना २०१९ मध्ये पद्मभूषण मिळाले तेव्हा त्या संपूर्ण मित्रमंडळाच्या निष्ठेचा तो सन्मान होता. सहाध्यायींनी आयुष्यभर सहकारी राहणे, हे त्या चतुर्थांशाचे पूर्ण फळ. ज्या मुलाला अठराव्या वर्षीच मित्र हा पर्सेंटाइल खाणारा शत्रू वाटू लागला, तो डॉक्टर होईलही. पण तीस-पस्तिसाव्या वर्षी चार मित्रांना घेऊन तो करमाळ्याला रुग्णालय कशाच्या बळावर काढणार? आणि आज करमाळा तालुक्यातल्या बाळंतिणीला मध्यरात्री बार्शी, सोलापूर किंवा पुणे गाठावे लागते, त्या प्रवासाशी या प्रश्नाचा संबंध नाही असे कोणी म्हणू शकेल का?

सरकारने करावयाच्या गोष्टी सरकारने कराव्यात; हरकतीचे शुल्क बरोबर हरकतीला परत द्यावे, गणिताचा पेपर मराठीत द्यावा, पुस्तकातला बदल झाल्या वर्षीच ठळकपणे जाहीर करावा. त्यासाठी निवेदने दिली जातील, विद्यार्थी परिषदेसारख्या संघटना पाठपुरावा करतील. परंतु प्रत्येक गोष्ट शासनावर सोपवणाऱ्या समाजाचे पुढे काय होते हे संघटनेच्या कार्यकर्त्याला सांगायला नको. येथे गरज आहे ती लहान, गाजावाजा न होणाऱ्या कामाची. बहुतेक गावांत देऊळ, वाचनालय वा शाळेची एक खोली संध्याकाळी रिकामी असते. तेथे अभ्यासिका चालू करायला दिवा, पंखा आणि दोन तास देणारा एक स्वयंसेवक पुरतो. पुस्तकपेढी पुष्कळ ठिकाणी आहे. तिच्यातली पुस्तके कोणत्या आवृत्तीची, हे कोणी पाहिले आहे का? गतवर्षी वैद्यकीय वा अभियांत्रिकीला गेलेली गावची मुले दिवाळीच्या सुटीत घरी येतात. त्यांच्या सत्काराला हार आणि नारळ आणले जातात, फोटो निघतो, दहा मिनिटांत कार्यक्रम संपतो. त्यापेक्षा त्यांना तीन संध्याकाळी धाकट्यांबरोबर बसवावे. कुठे चुकलो, कोणता प्रश्न कसा फसवा होता, हे त्यांच्याइतके नेमके कोणताही महागडा वर्ग सांगणार नाही.

परीक्षेच्या दिवशी सोबत जाणे, हेही एक काम आहे. मुलीला एकटीला सोलापूरला कसे पाठवायचे या एका विचाराने कितीतरी घरांत अर्ज भरतानाच वाद होतो. गावातल्या दहा-बारा परीक्षार्थींना घेऊन दोन जाणती माणसे, त्यांत एक बाई, गाडीने गेली आणि रात्री परत आली तर त्या घरांचा दिवस वेगळा जाईल. तेथे केंद्राबाहेर झाडाखाली तीन-चार तास बसणारे पालकही परस्परांशी बोलतात. कोणाला वसतिगृहाची माहिती हवी असते, कोणाला जातीच्या दाखल्याची, कोणाला शिष्यवृत्तीची. तीही एक प्रकारची ताडून पाहणारी सभाच असते.

एक गोष्ट तर याच महिन्यात करता येईल. घरात, पेढीत, वाचनालयात जी अकरावी-बारावीची 'एनसीईआरटी'ची पुस्तके आहेत, ती काढावीत. आतल्या पहिल्या पानामागे आवृत्तीचे आणि पुनर्मुद्रणाचे वर्ष बारीक अक्षरांत छापलेले असते. नवी आवृत्ती संस्थेच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते. दोघांनी समोरासमोर बसावे, एकाने जुने वाचावे, दुसऱ्याने नवे, आणि शब्द जेथे बदलला असेल तेथे जुन्या पुस्तकाच्या समासात, ताईच्या पेन्सिलीच्या टिपेखाली, नवा शब्द लिहून ठेवावा.